तीनशे अकरा

आमच्या घरात कुणाचं काही चुकलं की 'तीनशे अकरा' म्हणतात. भाजीत मीठ जास्त पडलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, बाबांनी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, की कुणीतरी म्हणतंच, "झालं का तीनशे अकरा?" मग सगळे आईकडे बघून हसतात. आईही हसते. माझ्या बहिणीच्या मुलीला, सईला, हा एक आकडा आहे हेच बरेच दिवस माहीत नव्हतं. तिने शाळेत एका मैत्रिणीला "तू तीनशे अकरा केलंस" असं सांगितलं आणि त्या बिचारीला काहीच कळलं नाही. ते ऐकूनही आम्ही खूप हसलो. वीसेक वर्षं मीही या हसण्यात सामील आहे. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. तीनदा सुरुवात करून सोडली, आता चौथ्यांदा बसले आहे.

तेव्हा आम्ही काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. गाडी आली की फळीवरची पातेली बारीक वाजायची. बाहेरच्या खोलीत बोलताना आम्ही सगळेच नकळत एक वाक्य थांबायचो, गाडी गेली की पुढचं वाक्य. लाउडस्पीकरवर तेलुगू, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत घोषणा व्हायच्या. आमची भाषा त्यात नव्हती, पण नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची घोषणा झाली की आईचा हात पोळपाटावर थोडा थांबायचा. तिचं माहेर तिकडचं. बाबा कोठी भागातल्या एका सरकारी कचेरीत दफ्तरी होते. फायली काढून देणं, परत जागेवर ठेवणं, फाटल्या तर शिवणं हे त्यांचं काम. एका बाजूने कोरे राहिलेले रद्दी कागद आणि जुन्या कॅलेंडरची पानं ते घरी आणायचे. माझी बहीण मीना आणि मी, आमचा सगळा अभ्यास त्या कागदांच्या पाठीवर झाला. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी नाहीतर आंबट वरण. त्या वरणाला आई 'पप्पू' म्हणायची, कारण शेजारच्या बायका तसं म्हणायच्या. आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली होती. आमच्या घरात मराठी अस्खलित वाचणारी ती एकटीच होती, आजही ती एकटीच आहे. मी हे मराठीत लिहिते आहे त्याचं कारण तेच. शुद्धलेखनाची मला खात्री नाही.

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. बी.एस्सी.ला गणित घेतलं, कारण गणितात इंग्रजी कमी बोलावं लागतं अशी माझी समजूत होती. वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही. मूर्ती सर आम्हाला अंकगणित शिकवत. उंच, किडकिडीत, खडूचे तुकडे शर्टाच्या खिशात ठेवणारे. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खेळ दिला. एक संख्या घ्यायची आणि तिचे अवयव पाडायचे, असे की ते आणखी फोडता येणार नाहीत. ते लहानापासून मोठ्यापर्यंत शेजारी शेजारी लिहायचे, की एक नवी संख्या होते. मग तिचे अवयव पाडायचे. असं करत करत जी संख्या फुटतच नाही तिथे पोचलं की थांबायचं. सर म्हणाले, ते त्या संख्येचं घर. फळ्यावर त्यांनी दहा घेऊन दाखवलं. दहा म्हणजे दोन आणि पाच, झाले पंचवीस. पंचवीस म्हणजे पाच आणि पाच, झाले पंचावन्न. त्याचे पाच आणि अकरा, म्हणजे पाचशे अकरा. त्याचे सात आणि त्र्याहत्तर, म्हणजे सातशे त्र्याहत्तर. ते फुटत नाही. दहा घरी पोचले. "ज्याचा जो रोल नंबर, ती त्याची संख्या," सर म्हणाले. "कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. हाताने करायचं. महिन्याने गणित दिवस आहे, तेव्हा तक्ते लावू. घरच्यांनाही बोलवा."

माझा रोल नंबर एकोणपन्नास होता.

मी घरी येऊन कॅलेंडरच्या पाठीवर मांडायला लागले. आई अंबाडी निवडत शेजारी बसली होती. "काय करतेस?" तिने विचारलं. मी सांगितलं की प्राइम नंबर शोधायचा आहे. "म्हणजे?" म्हणजे दुसऱ्या कशानेच भाग जात नाही असा. "अगं मग मूळ संख्या म्हण की," आई म्हणाली. "आम्हाला होतं ते."

मला मूळ हा शब्द वेगळाच माहीत होता. लग्न झालेल्या मुलीला सणाला माहेरी न्यायला कुणी आलं की मूळ आलं म्हणतात. आईला लग्नानंतर दोन वर्षं पंचमीला मामा घ्यायला आला. मग आजी वारली आणि मूळ यायचं थांबलं. मामाचा फोन यायचा, ख्यालीखुशाली विचारायचा, पण न्यायला कुणी येत नव्हतं. आई आपण होऊन कधी गेली नाही. "न बोलावता जायचं नसतं," एवढंच म्हणायची. मी खेळ समजावून सांगितला तेव्हा तिने हातातली जुडी खाली ठेवली. "म्हणजे ही संख्या नुसती फिरत राहते आणि मूळ आलं की घरी जाते, असंच ना?" मी हो म्हटलं. "मग आण इकडं एक कागद."

आईला तीसपर्यंतचे पाढे पाठ होते, आणि पावकी, निमकी, दिडकीसुद्धा. मी ज्याला कागदावर दहा ओळी घालायचे ते ती ओठातल्या ओठात पुटपुटून टाकायची. एकोणपन्नासचे सत्त्याहत्तर झाले, सत्त्याहत्तरचे सातशे अकरा, मग तीन हजार तीनशे एकोणऐंशी. तिथे मी अडकले. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "एकतीसनं बघ." एकतीसने भाग गेला. एकतीस आणि एकशे नऊ. संख्या एकतीस हजारांवर गेली, मग लाखावर, मग तीन लाखांवर, मग सतरा लाखांवर. दुपारची भांडी झाली की आई पदराला हात पुसत यायची आणि विचारायची, "कुठपर्यंत गेली गं आपली?" ती 'आपली' म्हणायची. मराठी आकड्यांत, बारीक, सरळ रेषेत तिचे भागाकार असायचे, आणि प्रत्येकाच्या शेवटी बाकी लिहून तिच्याभोवती गोल. बाबा म्हणायचे, "क्या जी, मायलेकी मिलके कॉलेज जा रहे क्या?" आई म्हणायची, "तुम्ही फायली शिवा."

मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. थोडा वाटलाही, पण तो घरातल्या घरात. कॉलेजात मी कुणाला काही सांगितलं नाही. माझी मैत्रीण अफ्रीन विचारायची, "मेरा तो चार दिन में घर पोंच गया, तेरा कां तक पोंचा?" मी म्हणायचे, चालू आहे. "एकलीच कर री?" हो, एकटीच.

आठव्या पायरीवर संख्या ७११४३५२३ झाली. ती फुटली आणि पुढची आली अकरा आकडी, १११११५७७१०१९ अशी काहीतरी. नाही, एक एक जास्त झाला. १११११५ नव्हे, ११११५७७१०१९. तिच्याकडे नुसतं बघूनच मला थकवा आला. ती मूळ संख्या आहे असं म्हणायचं तर वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, आणि तिचं वर्गमूळ लाखाच्या वर होतं. आम्ही काम वाटून घेतलं. दोनशेपर्यंत मी, दोनशे ते पाचशे आईने, पाचशेच्या पुढे पुन्हा मी. मी दोनशेपर्यंत केलं, कशानेही भाग गेला नाही. पाचशेच्या पुढचा कागद मी काढलाच नाही. आई रोज तीन, रोज चार, अशी तिच्या चालीने जात होती. गणित दिवसाला दोन दिवस उरले तेव्हा ती दोनशे त्र्याऐंशीपर्यंत आली होती.

त्या दिवशी मी कोठीतून कार्डशीट आणला आणि तक्ता केला. एकोणपन्नासपासून नऊ बाण काढले, आणि शेवटची अकरा आकडी संख्या लाल स्केचपेनने लिहून तिच्याभोवती घर काढलं, कौलं आणि दार वगैरे. खाली इंग्रजीत लिहिलं की वर्गमूळापर्यंत तपासले आहे. अक्षर चांगलं आलं होतं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "आई, मूळ आलं."

"खरंच?" ती वळली. "उरलेलं सगळं केलंस?"

"कॉलेजात बसून केलं."

तिने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. त्या दुपारी तिने शेवयांची खीर केली. मूळ आलं की आलेल्या माणसाला गोड करून घालायचं असतं, म्हणाली. ती खीर मी दोन वाट्या खाल्ली.

आता मी स्वतः अंबरपेठेतल्या एका शाळेत गणित शिकवते. मुलं उत्तर आधी लिहून वरच्या पायऱ्या नंतर भरतात ते मला लांबून ओळखू येतं. मी रागावत नाही. मला रागावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तक्ता गुंडाळत होते. आई हातात कॅलेंडरचं एक पान घेऊन दारात उभी राहिली. त्या दिवसासाठी तिने तीन संख्या ठरवल्या होत्या, दोनशे त्र्याण्णव, तीनशे सात आणि तीनशे अकरा. खेळ संपला असं मी सांगितलं होतं, पण ठरवलेलं टाकून द्यायची तिला सवय नव्हती. "शोभे, जरा बघ गं," ती म्हणाली. "तीनशे अकरानं भाग जातोय."

"जाणार नाही."

"शेवटी दोन हजार सातशे नव्व्याण्णव उरले. तीनशे अकरा नवे दोन हजार सातशे नव्व्याण्णव. बाकी शून्य आली."

"मध्येच कुठेतरी चुकलं असेल तुझं."

"दोनदा केलं मी."

"मग दोनदा चुकलं असेल," मी म्हणाले.

पान माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बघितलं नाही, कारण ते बरोबर आहे हे मला कळलं होतं. तिचे भागाकार चुकत नसत. आईने पानाची नीट चौघडी घातली आणि म्हणाली, "असेल बाई. तू शिकलेली." तिने टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

गणित दिवसाला बाबांना सुट्टी मिळाली नाही म्हणून आई आली. ती येऊ नये असं मला वाटत होतं हेही इथे लिहायला हवं. तिची हिरवी साडी, तेल लावून चोपलेले केस, 'स' ऐवजी मध्येच येणारा 'श'. ती हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. मूर्ती सर एकेका तक्त्यापाशी थांबत, त्या त्या विद्यार्थ्याला काही विचारत आणि सगळे टाळ्या वाजवत. माझ्या तक्त्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. खिशातून एक घडी केलेला छापील कागद काढून त्यांनी बघितला. मग तेलुगूत अगदी हळू मला विचारलं, "घरी पोचली ही? तीनशे अकराने भागून बघितलं होतंस का, अम्मा?"

अफ्रीन माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "अदि मा अम्म चेसिंदि सार." ते माझ्या आईने केलं, सर. आणि एवढ्यावर थांबले नाही. तेलुगूतच पुढे म्हणाले, तो भाग तिच्याकडे होता, ती सातवीच शिकली आहे, तिची चूक झाली असेल.

मागे कुणीतरी हसलं. कोण ते मला आजही माहीत नाही. आईला तेलुगू कळत होतं. वीस वर्षं ती त्याच भाषेत भाजी घेत होती, भांडत होती, शेजारणींची बाळंतपणं काढत होती. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. तिचा हात पर्सच्या चेनवर होता. चौघडी घातलेलं पान त्या पर्समध्ये होतं. चेन उघडायचा अवकाश होता. मी वाट बघत राहिले. ती उघडावी असं मला वाटत होतं की उघडू नये असं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आई उभी राहिली, सरांना हात जोडले आणि म्हणाली, "नादे तप्पु सार." माझीच चूक.

"पर्वालेदम्मा," सर म्हणाले, काही हरकत नाही. मग सगळ्यांना उद्देशून त्यांनी सांगितलं की एकोणपन्नासचं घर अजून जगात कुणालाच सापडलेलं नाही. मोठमोठ्या मशिनी लावल्या तरी ती संख्या फुटतच जाते. ती आपण यादीतून मुद्दाम काढली नव्हती. एखादा येऊन म्हणेल की सर, नाही पोचली, हे त्यांना बघायचं होतं. म्हणजे मी काहीच न करता, नुसतं खरं सांगितलं असतं तरी माझं उत्तर बरोबर होतं. आईच्या पर्समध्ये तर त्या उत्तराच्या पुढची पायरीही होती.

बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली नाही. चादरघाटला तिच्या शेजारची बाई उतरली, तरी मी उठून तिथे गेले नाही. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणाले सर?" मी चप्पल काढत होते. आई म्हणाली, "तिचं सगळं छान होतं. माझाच एक भागाकार चुकला, तीनशे अकराचा." बाबा म्हणाले, "अब तूच फायली शिव." दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं. मीना ओरडली, "आई, तीनशे अकरा!" सगळे हसले. आईने माझ्याकडे बघितलं, आणि मी हसले.

तिथून ते सुरू झालं. पुढे कितीतरी वेळा सांगता आलं असतं. मूर्ती सर निवृत्त झाले त्या समारंभात मी त्यांच्या शेजारी उभी होते. ते म्हणाले, तुझी आई कशी आहे, तिने हाताने इतकं केलं होतं. मी म्हणाले, बरी आहे. मामा वारला तेव्हा आईला घेऊन मी नांदेडला गेले, सहा तास आम्ही समोरासमोर बसलो होतो, तेव्हाही नाही. आईने त्यानंतर कागदाला पेन्सिल लावली नाही. भांडी झाली की ती टीव्ही लावायची. हे मला दिसत होतं.

इथपर्यंत लिहून मी पानं आईला वाचायला दिली. म्हटलं, शुद्धलेखन बघ. तिला वाचायला दोन दुपारी लागल्या. गॅलरीत, उन्हाकडे पाठ करून, चष्मा लावून ती वाचत होती आणि मी आत नसलेली कामं करत होते. परत दिली तेव्हा पानांवर पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, आणि एका जागी ७११४३५३२ खोडून ७११४३५२३ केलं होतं. वर मी आता ते बरोबर लिहिलं आहे. पुढच्या अकरा आकडी संख्येत मी एक एक जास्त लिहिला होता तोही तिने धरला. तिथलं मी खोडलं नाही, तसंच राहू दिलं आहे. बाकी मजकुराबद्दल ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "दोनदा नव्हे गं. मी तीनदा केलं होतं. तिसऱ्यांदा तू तक्ता बांधत होतीस तेव्हा."

मग जरा वेळाने, "बाबांना सांगू नकोस हं. या वयात त्यांना हसायला दुसरं काय आहे?"

रविवारी मीना आणि सई जेवायला होत्या. अंबाडीची भाजी होती. बाबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि ताटावर बोट आपटून म्हणाले, "तीनशे अकरा!" सई खिदळली. मीना खिदळली. आईने सवयीने माझ्याकडे बघितलं.

मी घास ताटात परत ठेवला. "बाबा," मी म्हणाले, "तीनशे अकरा बरोबर होतं."

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

आईने भाजीचं पातेलं स्वतःकडे ओढलं, चमच्याने चव घेतली.

"म्हणजे मीठ माझं चुकलंय," ती म्हणाली. "ते नव्हतं चुकलं."